पांढरी दोनमध्ये पाच वाद्ये

गेल्या महिन्यात पुण्यातील एका मध्यम आकाराच्या सभागृहात पाच वादकांच्या एका संचाचा कार्यक्रम झाला. गिटार, ऊद (अरबी तंतुवाद्य), व्हायोलिन, तबला आणि काहोन (हातांनी बडवायची लाकडी पेटी) अशी वाद्ये होती, पत्रिकेवर ‘अकूस्टिक वर्ल्ड म्युझिक’ एवढेच छापले होते आणि अडीच तासांत एक अरबी चाल, एक ग्रीक नृत्य, स्पेनमधील फ्लामेंकोचा एक तुकडा आणि यमन रागातील एक गत असा पंचरंगी ऐवज सादर झाला. मीही तेथे होतो. त्या संध्याकाळीबद्दल, आणि त्यानिमित्ताने एकूणच अशा वादनाबद्दल इतकी पत्रे आली की या खेपेचे सदर मी त्यांनाच देत आहे.

प्रश्न : कार्यक्रम ‘अकूस्टिक’ म्हणून जाहीर झाला होता, प्रत्यक्षात प्रत्येक वादकापुढे माइक आणि दोन्ही बाजूंना माणसाच्या उंचीचे स्पीकर होते. मग अकूस्टिक कशाला म्हणायचे? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : शब्दशः पाहिले तर संयोजकांनी फसवणूक केलेली नाही. ज्या वाद्याचा नाद त्याच्या स्वतःच्या लाकडी पेटीत, भोपळ्यात किंवा कातड्यात तयार होतो ते अकूस्टिक. माइक त्या नादाला मोठा करतो, निर्माण करत नाही. इलेक्ट्रिक गिटारला अशी पोकळ पेटी बहुधा नसतेच. तारेचे कंपन चुंबक टिपतो आणि आपण जे ऐकतो ते यंत्रातूनच बाहेर पडलेले असते.

तरीही आपली तक्रार मला रास्त वाटते. त्या दिवशी गिटार आणि व्हायोलिन यांच्यापुढे माइक होते ते शोभेपुरते. दोन्ही वाद्यांच्या घोडीखालून (तारा ज्यावर टेकतात त्या आधाराखालून) निघालेली वायर थेट साउंडवाल्याच्या टेबलाकडे गेली होती. अशा वेळी लाकडाचा गाभा हरवतो आणि तारेचा कोरडा, प्लॅस्टिकसारखा टणत्कार तेवढा ऐकू येतो. त्यात काहोनचा खर्ज एवढा चढवला होता की तिसऱ्या रांगेत माझ्या खुर्चीची पाठ थरथरत होती. माइक मुळीच नको, असे मात्र म्हणता येणार नाही, कारण ऊद हे मृदू वाद्य आहे आणि एवढ्या सभागृहात काहोनशेजारी ते विनामाइक ठेवले तर केवळ दिसते, ऐकू येत नाही. नरिमन पॉइंटवरील राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्राचे टाटा थिएटर १९८० मध्ये उघडले, तेव्हा ध्वनितज्ज्ञ सिरिल हॅरिस यांनी त्याची रचना कृत्रिम ध्वनिवर्धनावाचून ऐकू यावे अशा हिशेबाने केली होती. तशी सभागृहे आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

प्रश्न : प्रत्येक रचनेपूर्वी वादक चार-पाच मिनिटे वाद्ये लावत बसले होते. ही तयारी पडद्याआड करून यायला नको का? माझ्या शेजारचे गृहस्थ तर घड्याळ पाहू लागले होते. (एक वाचक, नाशिक रोड)

उत्तर : शेजारच्या गृहस्थांना पुढच्या वेळी तीच चार मिनिटे कान देऊन ऐकायला सांगावे, कारण संध्याकाळचा खरा पेच तेथेच सुटत होता.

आधी नुसता हिशेब पाहा. गिटारच्या सहा तारा, व्हायोलिनच्या चार, ऊदच्या अकरा (पाच जोड्या आणि एक एकटी), आणि त्या अकराही लाकडी खुंट्यांवर, ज्या हवेतील दमटपणा वाढला की फुगतात आणि कमी झाला की घसरतात. तबल्याची काठावरची सोळा घरे, वादीखालचे आठ लाकडी गट्टे. ही सगळी वाद्ये पडद्याआड काटेकोर लावून आणली तरी दिव्यांच्या उष्णतेखाली दहा मिनिटांत धातूच्या तारा किंचित लांबतात आणि सूर उतरतो, तर तबल्याचे कातडे सुकून ताणले जाते आणि त्याचा सूर चढतो. एक खाली, एक वर. हे पडद्याआड मिटणारे भांडण नव्हे.

त्याआधीचा प्रश्न म्हणजे पट्टी कोणती घ्यायची, म्हणजे हार्मोनियमच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांपैकी कोणतीला सा मानायचे. आपला तबलजी बहुधा काळी एक किंवा काळी दोनचा तबला घेऊन आलेला असतो; गिटारवाल्याला मोकळ्या तारांमुळे पांढरी दोन, पांढरी तीन सोयीची; ऊदवालाही पांढरी दोनमध्ये सुखी असतो. त्या दिवशी बहुतेक रचना पांढरी दोनमध्ये होत्या आणि त्यासाठी तबलजीने सर्वांदेखत हातोडीने तबला उतरवला, हे आपण पाहिले असेल.

पट्टी ठरली तरी गांधार, म्हणजे ग, उरतोच. गिटारचे पडदे (दांड्यावरच्या धातूच्या आडव्या काड्या) सप्तकाचे बारा सारखे भाग करून ठोकलेले असतात. एका भागाला शंभर सेंट धरले तर गिटारचा शुद्ध गांधार चारशे सेंटवर पडतो. तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा गांधार मात्र त्याहून चौदा सेंट उतरा असतो. चौदा सेंट म्हणजे किती, हे ज्याने यमन पेटीबरोबर गायला आहे त्याला विचारावे. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर घातलेल्या आणि १९७१ मध्ये शिथिल केलेल्या बंदीमागे हेच दुखणे होते, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी सांगलीचे कृ. ब. देवल आणि न्यायाधीश क्लेमंट्स यांनी बावीस श्रुतींच्या (सप्तकातल्या सूक्ष्म स्वरस्थानांच्या) पेटीसाठी केलेला खटाटोपही त्यापायीच. ऊद तर आणखी पुढे जातो. त्याला पडदेच नाहीत, आणि अरबांच्या ‘रास्त’ या मकामातील (आपल्या रागासारख्या स्वररचनेतील) गांधार आपल्या कोमल आणि शुद्ध गांधारांच्या मध्ये कोठेतरी असतो. इजिप्तमध्ये तो अधिक उतरा, तुर्कस्तानात चढा. गिटारवर ही जागा अस्तित्वातच नाही.

मग गिटारवाल्याने करायचे काय? त्या दिवशी दुसऱ्या रचनेत त्याने काय केले ते मी मुद्दाम पाहिले. ऊदची आलापी चालू असताना त्याने गांधाराला बोट लावलेच नाही. तो केवळ षड्ज आणि पंचम (सा आणि प) धरून बसला. पंचमाच्या बाबतीत पडद्याचा सूर आणि नैसर्गिक सूर यांत दोनच सेंटांचे अंतर असते, त्यामुळे तेथे भांडण होत नाही. शिवाय त्याने गिटार नेहमीसारखी न लावता खर्जाकडून वर पांढरी दोनमध्ये सा-प-सा-म-प-सा अशी लावली होती. ही जुळणी १९६० च्या दशकाच्या आरंभी इंग्रज गिटारवादक डेव्ही ग्रॅहम यांनी रूढ केली. मोरोक्कोत ऊदवादकांच्या साथीला बसता यावे म्हणून त्यांना ती सुचली, असे सांगतात. सा-प-सा-म-प-सा! तंबोरा लावणाऱ्या कोणाही माणसाला ही जुळणी घरची वाटेल. गांधार तीत नाही, तो ज्याचा त्याने आणायचा.

जाता जाता एक गंमत : ऊद या शब्दाचा अरबी अर्थ लाकूड. आपल्या उदबत्तीतला ऊद त्याच शब्दाचा, आणि युरोपातले ल्यूट हे वाद्य आपल्या नावासकट तेथूनच गेलेले.

प्रश्न : मी तबल्याचा विद्यार्थी आहे. ग्रीक नृत्याची रचना मी रूपकमध्ये मोजत होतो. मात्रा बरोबर येत होत्या, परंतु सम मात्र चुकल्यासारखी वाटत होती. असे का झाले? (एक विद्यार्थी, सांगली)

उत्तर : आपले मोजणे चुकले नाही. ते नृत्य कालामातियानोस होते, त्याच्या सात मात्रा तीन-दोन-दोन अशाच पडतात आणि रूपकचे विभागही तेच आहेत. फरक वजनाचा आहे. रूपकची सम (आवर्तनाची पहिली मात्रा) ‘खाली’वर, म्हणजे टाळी नसलेल्या हलक्या जागेवर, येते. ‘तीं तीं ना’ म्हणताना डग्गा गप्प असतो आणि चौथ्या मात्रेच्या ‘धी’वर भार पडतो. ग्रीक नर्तक मात्र हातात हात धरून साखळीने फिरताना पहिल्याच, लांब पावलावर भार टाकतात. आपण ‘खाली’वर अलगद उतरण्याच्या तयारीत असताना काहोनवाल्याने तेथेच मधोमध हात मारला, म्हणून समेचा ठाव चुकल्यासारखे वाटले.

तबलजी सुरुवातीच्या दोन आवर्तनांत स्वतःही अडखळला होता. तिसऱ्या आवर्तनापासून त्याने रूपकचा ठेका सोडून दिला, डग्गा पहिल्या मात्रेवर आणला आणि पहिल्या तिनाच्या गटानंतर उरलेल्या चार मात्रा चाटेवर (तबल्याच्या काठावर) हलक्या ठेवल्या. हे करताना त्याच्या चेहऱ्यावर जे हसू होते ते मला त्या संध्याकाळच्या सर्व टाळ्यांपेक्षा मोलाचे वाटले. बल्गेरियातील राचेनित्सा याच सात मात्रा दोन-दोन-तीन अशा बांधते, तर फ्लामेंकोतील बुलेरिया या प्रकाराच्या बारा मात्रा तीन-तीन-दोन-दोन-दोन अशा चालतात. बारा मात्रा दिसल्या म्हणून तेथे एकताल धरू नका; टाळी देऊन दोन्ही म्हणून पाहा, म्हणजे कोठे ठेच लागते ते कळेल.

प्रश्न : साठ वर्षे शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्या माझ्यासारख्याला ही सगळी खिचडी वाटते. थोडे यांचे, थोडे त्यांचे, शेवटी द्रुत लयीत सवाल-जवाब आणि टाळ्या. यात कस कशाचा पाहायचा? (एक ज्येष्ठ वाचक, दादर)

उत्तर : आपला राग मी समजू शकतो, कारण त्या संध्याकाळचा शेवट मलाही आवडला नाही. यमनची गत सुरू झाल्यावर प्रत्येकाने आठ-आठ आवर्तने आपापली फिरत दाखवली, मग चार-चार, मग दोन-दोन, मग तिहाई (तीनदा वाजवून समेवर यायचा तुकडा). हे एकत्र वादन नव्हते, पाळीपाळीने केलेले वादन होते, आणि त्याला खिचडी म्हणणेही खिचडीवर अन्याय करणारे आहे; तिच्यात डाळ-तांदूळ निदान एकत्र शिजतात.

मात्र सगळीच उदाहरणे अशी नसतात. इंग्रज गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन यांनी महाविष्णू ऑर्केस्ट्रा हा कानठळ्या बसवणारा विजेचा संच बाजूला ठेवून १९७० च्या दशकाच्या मध्यास व्हायोलिनवादक एल. शंकर, उस्ताद झाकीर हुसेन आणि घटम्‌वादक टी. एच. विनायकराम यांच्यासह ‘शक्ती’ हा संच उभा केला. त्या संचाकडे लोक पूर्व-पश्चिमेची भेट म्हणून पाहतात, पण माझ्या मते उत्तर-दक्षिणेची भेट ही त्यातली अधिक अवघड गोष्ट होती. पंजाब घराण्याचा तबला आणि कर्नाटक पद्धतीचा मातीच्या मडक्याचा घटम् यांचे गणित वेगळे, बोल वेगळे, आवर्तनाकडे पाहण्याची नजरही वेगळी, आणि एका मंचावर दोघांनी रोज शेजारी बसावे असा रिवाज तेव्हा नव्हता. मॅक्लॉफ्लिन यांनी तर स्वतःचे वाद्यच बदलून घेतले. त्यांच्यासाठी घडवलेल्या गिटारवर मुख्य तारांखाली सात तरफेच्या (मुख्य तारांसोबत झंकारणाऱ्या) तारा तिरप्या बसवल्या होत्या आणि पडद्यांमधले लाकूड खरवडून खोलगट केले होते, ज्यामुळे सतारीसारखी तार दाबून मींड काढता येई, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरत जाता येई. आपल्याला काय जमते ते दाखवण्याऐवजी दुसऱ्याच्या सुराला पोहोचण्यासाठी वाद्याला करवत लावणे, यात मला कस दिसतो. पुढे १९९० च्या दशकाच्या अखेरीस हा संच नव्याने जमला, त्यात मेंडोलिनवादक यू. श्रीनिवास, विनायकराम यांचे पुत्र सेल्वागणेश आणि आपले शंकर महादेवन आले. श्रीनिवास २०१४ मध्ये आणि झाकीरभाई डिसेंबर २०२४ मध्ये गेले.

दुसरे उदाहरण याच्या अगदी उलट आहे. पंडित विश्वमोहन भट्ट आणि अमेरिकी गिटारवादक राय कूडर यांची ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ ही ध्वनिमुद्रिका १९९३ मध्ये आली. ती कॅलिफोर्नियातील सांता बार्बरा येथील एका प्रार्थनामंदिरात ध्वनिमुद्रित झाली, आणि त्यापूर्वी या दोघांची ओळख होऊन तासभरही झाला नव्हता. वर्षानुवर्षांचा रियाज एकत्र नसताना हे जमले कसे? दोघेही तारेवरून कांडी सरकवत वाजवतात. पडदा आडवा येत नाही, म्हणून गांधाराचे भांडणच उद्भवत नाही. एकाने मींड घेतली की दुसऱ्याचा हात तिच्यामागून जाऊ शकतो. तेव्हा पुढच्या कार्यक्रमात आपण एवढेच पाहावे : दुसरा वाजवत असताना तिसरा काय करतो? तो डोळे मिटून आपल्या पाळीची वाट पाहत असेल तर आपण मध्यंतरात चहा घेऊन घरी जावे, माझी हरकत नाही.

प्रश्न : पश्चिम आफ्रिकेतील ‘कोरा’ हे वाद्य चित्रफितीत पाहिले. त्याचा भोपळा आमच्या गावच्या तंबोऱ्यासारखाच दिसला. काही नाते आहे का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : नाते घराण्याचे नाही, भोपळ्याचे मात्र आहे. माली, गांबिया, सेनेगल, गिनी या भागात परंपरेने गायक-वादक असलेली कुटुंबे कोरा वाजवतात. त्याचा भोपळा अर्धा कापून त्यावर गाईचे कातडे ताणतात. मिरजेचा कारागीर पंढरपूर परिसरातून आणलेल्या भोपळ्यावर लाकडी तबली बसवतो. कोऱ्याला एकवीस तारा, अकरा एका बाजूला आणि दहा दुसऱ्या बाजूला, आणि त्या दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी व तर्जनींनी छेडतात. पूर्वी या तारा खुंट्यांनी नव्हे, तर दांड्यावर आवळलेल्या चामड्याच्या कड्या सरकवून लावत. त्यांच्या एका जुळणीत मध्यम तीव्र असतो. ती ऐकताना आपल्याला यमनची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही.

मला अधिक जवळचे वाटते ते दुसरेच साम्य. जुन्या कोऱ्यांच्या घोडीवर बारीक कड्या अडकवलेला पत्रा लावीत, जेणेकरून सुराला झणकार यावा. आपल्याकडे तेच काम घोडीवरच्या जवारीत दोरा सरकवून होते. निर्मळ सुरापेक्षा गुणगुणणारा सूर ज्यांना आवडतो असे लोक जगात पुष्कळ आहेत, हे मिरजकरांनी अभिमानाने सांगावे. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहेच.

प्रश्न : ‘वर्ल्ड म्युझिक’ म्हणजे नेमके कोणाचे संगीत? आम्ही येथे त्याच जगात राहतो, पण येथील दुकानांत जाझ त्या कप्प्यात नसते. (एक वाचिका, न्यू जर्सी)

उत्तर : आपण उत्तर प्रश्नातच दिले आहे, तो कप्पाच आहे. अमेरिकी विद्यापीठांत हा शब्द १९६० च्या दशकापासून होता, पण बाजारात तो रुळला तो जून १९८७ पासून. लंडनमधील छोट्या ध्वनिमुद्रिका कंपन्यांची काही मंडळी एका पबमध्ये जमली आणि आफ्रिका, आशिया, लॅटिन अमेरिकेतील मुद्रिका दुकानात कोणत्या फळीवर लावाव्यात या व्यवहारी अडचणीवर त्यांनी हे नाव मुक्रर केले. ग्रॅमी पुरस्कारांत हा विभाग १९९२ मध्ये आला, पहिला मान अमेरिकी तालवादक मिकी हार्ट यांच्या ‘प्लॅनेट ड्रम’ला मिळाला आणि त्यातही झाकीर हुसेन व विनायकराम होते. २०२० मध्ये त्या विभागाचे नाव बदलून ‘ग्लोबल म्युझिक’ केले गेले. फळी तीच, पाटी नवी. २०२४ मध्ये त्याच फळीवरून ‘शक्ती’च्या ‘धिस मोमेंट’ला पुरस्कार मिळाला.

प्रश्न : आमचे घुमट अशा संचात बसेल का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : बसेल, आणि शोभेलही. मातीचे भांडे, एका तोंडाला कातडे, आणि दुसरे अरुंद तोंड हाताच्या पंजाने झाकत-उघडत सूर वर-खाली करायचा, ही युक्ती ज्याला साधते त्याला घटम् किंवा आफ्रिकी उदू या मडक्याच्या वाद्यांशेजारी बसायला संकोच वाटण्याचे कारण नाही. पूर्वी घोरपडीचे कातडे लावीत. वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यावर बंदी आल्यापासून बकऱ्याचे लावतात, आणि गोवा सरकारने २०१९ मध्ये घुमटाला वारसा वाद्य म्हणून घोषित केले आहे. एकच सावधगिरी घ्यावी. आरतीच्या वेळी शामेळ हे चर्मवाद्य आणि कांसाळी (मोठ्या झांजा) यांच्या गजरात घुमटाचा जो जोर लागतो, तो ऊदशेजारी लावला तर ऊदवाला उठून जाईल.

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या सभागृहात शंभर-सव्वाशे माणसे बसतात. असा कार्यक्रम आम्हाला स्पीकरशिवाय करता येईल का? कोणती व्यवस्था करावी? (कार्यवाह, एक ग्रामीण वाचनालय, सातारा जिल्हा)

उत्तर : अवश्य करावा. एवढ्या श्रोत्यांना ध्वनिवर्धक लागत नाही. लागते ती शांतता. फरशी उघडी असेल तर सतरंज्या अंथरा, नाहीतर काहोनचा आवाज भिंतींवर आपटून परत येईल. वादकांना रांगेत न बसवता अर्धवर्तुळात बसवा, म्हणजे ते एकमेकांची बोटे पाहू शकतील. ऊद आणि व्हायोलिन पुढे, तबला किंचित मागे, काहोन सर्वांत मागे. बैठक चौरंगाएवढी उंच असली तरी पुरे. गिटारवाल्याला हात नसलेली खुर्ची द्या, तबलजीला हातावर पावडर भुरभुरताना खाली अंथरायला एक जुने फडके द्या. छताच्या पंख्यांची घरघर आलापीत फार जाणवते. पहिली दहा मिनिटे ते बंद ठेवावेत आणि तसे श्रोत्यांना आधी सांगावे. उन्हाळ्यात करू नका, आणि पावसाळ्यात तर नकोच, कारण दमट हवेत तबला लागता लागत नाही. दिवाळीनंतरचे दोन महिने उत्तम. वादकांना किमान दोन तास आधी बोलवा आणि वाद्ये त्याच हवेत उघडी ठेवू द्या. काहोनवाल्यासाठी मात्र खुर्ची मांडू नका. तो आपल्या वाद्यावरच बसतो, आणि गेल्या महिन्यात एका उत्साही स्वयंसेवकाने त्याला खुर्ची देऊन काहोन बाजूला उचलून ठेवला होता, तो शोधण्यात आमची पाच मिनिटे गेली.